एचआरचे काम बाहेर केव्हा द्यावे? शिरोलीच्या एका उद्योजकाच्या प्रश्नाचे उत्तर

शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री आणि तिला जोडून मशीन शॉप चालवणाऱ्या एका उद्योजकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कायम आणि कंत्राटी मिळून त्यांच्याकडे सुमारे ९० माणसे आहेत. हजेरी, पगार, भविष्य निर्वाह निधी (पीएफ), राज्य कामगार विमा (ईएसआय) हे सारे इतकी वर्षे ज्या अकाउंटंटनी सांभाळले, ते आता निवृत्त होत आहेत. पुण्याच्या एका संस्थेने माणशी ठरावीक दराने संपूर्ण एचआर, म्हणजे मनुष्यबळाचे काम, सांभाळण्याचा प्रस्ताव दिला आहे, तर घरातील एक वडीलधारे म्हणतात की त्यापेक्षा एमबीए झालेला एखादा मुलगा नेमा. यांपैकी काय करावे, आणि मुळात असे काम बाहेर देण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. पगारपत्रक आणि वैधानिक (कायद्याने बंधनकारक) भरणा हे काम आपण बाहेर द्यावे, त्याची वेळ आली आहे. संपूर्ण एचआर मात्र देऊ नये. ना पुण्याच्या संस्थेला, ना कोल्हापुरातल्या.

कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत आधी पर्सनल ऑफिसर म्हणून आणि पुढे सल्लागार म्हणून काम करताना मी एचआरच्या कामाचे नेहमी दोन भाग मानत आलो आहे. पहिला भाग नोंदीचा. हजेरीवरून दिवस काढणे, ओव्हरटाइमचा दुप्पट दराने हिशेब करणे, उचल वळती करणे, पीएफ आणि ईएसआयचे चलन पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरणे, व्यवसाय कर, जून आणि डिसेंबरमधला कामगार कल्याण निधी, आयकर कपात, ही कामे कोणीही केली तरी त्यांचे बरोबर उत्तर एकच असते. ते उत्तर सराव असलेला माणूस लवकर आणि बिनचूक काढतो, आणि पन्नास कारखान्यांचे पगार करणाऱ्या संस्थेला हा सराव आपल्या एकट्या अकाउंटंटपेक्षा जास्त असतो, हे मान्य केले पाहिजे. दुसरा भाग निर्णयाचा. कोणाला घ्यायचे, कोणाला सुपरवायझर करायचे, कोणती गैरहजेरी समजून घ्यायची आणि कोणत्या गैरहजेरीसाठी नोटीस द्यायची, युनियनच्या मागणीपत्रावर कुठपर्यंत जायचे, भट्टीजवळ अपघात झाला तर पहिल्या तासात कोणी काय करायचे, या प्रश्नांना तयार उत्तर नसते आणि त्याचे परिणाम त्याच आवारात पुढची दहा वर्षे राहतात. पहिला भाग बाहेर जाऊ शकतो. दुसरा गेला, तर कारखान्यात यंत्रे आणि भिंती मालकाच्या राहतात, पण माणसे त्याची राहत नाहीत.

वेळ आली हे ओळखण्यासाठी बहुतेक जण माणसांची संख्या पाहतात. संख्येला महत्त्व आहे, कारण कायद्याच्या पायऱ्या तिच्यावर बसवलेल्या आहेत : १० माणसांना ईएसआय आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, २० ला पीएफ आणि तक्रार निवारण समिती, ३० ला शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन, १०० ला कार्य समिती, ३०० ला स्थायी आदेश (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली). आपण यांतल्या बऱ्याच पायऱ्या ओलांडल्या आहेत. तरीही शंभर माणसांचे काम एका जागरूक कारकुनाकडे सुरळीत चाललेले मी पाहिले आहे आणि पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये त्याचा पूर्ण विचका झालेलाही पाहिला आहे. त्यामुळे संख्येपेक्षा मी दुसऱ्या काही गोष्टी विचारतो. पीएफ पोर्टलचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, कंपनीच्या की अकाउंटंटच्या स्वतःच्या? ते १२ ते १५ तारखेच्या दरम्यान आजारी पडले तर चलन कोण भरेल? कामगाराने आपला यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) किंवा पगाराची स्लिप मागितली तर ती किती दिवसांत मिळते? या प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या नावाशी येऊन थांबत असतील, तर तो माणूस निवृत्त होण्याची वाट न पाहता व्यवस्था बदलायला हवी होती. आपल्याकडे तसेच दिसते, म्हणून वेळ आली आहे असे म्हणतो.

आणखी एक खूण म्हणजे दुसऱ्या राज्यातली शाखा. कोल्हापूरच्या उद्योजकाला बेळगाव जवळचे वाटते, पण तिथे व्यवसाय कर, किमान वेतन, सुट्ट्या सारेच कर्नाटकाच्या नियमांनी चालते. अशा वेळी दोन्हीकडे सराव असलेली संस्था घेणे शहाणपणाचे असते. आपल्याला सध्या तो प्रश्न नाही.

आता जबाबदारीचा मुद्दा, जो प्रस्ताव देणारे सहसा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहितात. काम बाहेर देता येते, कायद्यापुढची जबाबदारी देता येत नाही. कामगाराच्या पगारातून पीएफचा वाटा कापला आणि तो भरला नाही, तर फौजदारी कायदा तो मालकाने केलेला विश्वासघात मानतो; आमच्या एजन्सीने भरला नाही, हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून माझी पहिली आणि न बदलणारी अट अशी की, वैधानिक भरण्याचा एक रुपयाही संस्थेच्या खात्यातून जाता कामा नये. संस्थेने चलन तयार करावे. पैसे कंपनीच्या बँक खात्यातून थेट पीएफ आणि ईएसआयला जावेत. पोर्टलची मालकी, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि डिजिटल सही कंपनीकडेच असावी, आणि संस्थेला मर्यादित अधिकाराचे लॉगिन द्यावे. ही अट मान्य नसेल तर तो प्रस्ताव कितीही स्वस्त असला तरी बाजूला ठेवावा.

कामगारांची माहितीही याच जबाबदारीत येते. आधार, बँक खाते, घरच्यांची नावे, आजारपणाचे कागद हे सारे आपण दुसऱ्याच्या संगणकावर ठेवणार आहात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी उत्तरदायित्व मूळ कंपनीकडेच राहते. ही माहिती संस्थेने कुठे ठेवायची, कोणाला दाखवायची आणि करार संपल्यावर कशी परत करून पुसून टाकायची, हे लिहून घ्यावे.

आपल्या प्रश्नात ‘कंत्राटी’ हा शब्द सहज आला आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. शिरोली आणि गोकुळ शिरगावला अनेक ठिकाणी असे दिसते की जो ठेकेदार फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करण्याला) आणि लोडिंगला माणसे पुरवतो, तोच म्हणतो, ‘तुमचे पीएफ-ईएसआयचेही मीच बघतो.’ एचआरचे काम बाहेर देणे आणि ठेकेदाराकडून माणसे घेणे हे दोन पूर्ण वेगळे व्यवहार आहेत. ठेकेदाराने आपल्या माणसांचा पीएफ भरला की नाही हे तपासणे हे एचआरचे काम आहे. ते ठेकेदाराकडेच दिले तर तपासणी उरत नाही. आणि त्याने भरला नाही तर प्रमुख नियोक्ता, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते तो मालक, म्हणून तो आपल्याकडूनच वसूल होतो. एका कारखान्यात ठेकेदार दर महिन्याला बिलासोबत चलनाची प्रत जोडत असे आणि सर्वांना ते पुरेसे वाटे. पुढे कळले की ते चलन त्याच्या चार-पाच ठिकाणच्या सर्व माणसांचे एकत्रित होते आणि या कारखान्यातल्या बऱ्याच माणसांची नावे त्यात नव्हतीच. चलनावरच्या एकूण रकमेवरून काहीही सिद्ध होत नाही. नाववार यादी आपल्या हजेरीशी जुळवली पाहिजे, आणि ती जुळवल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पास होता कामा नये.

याच्याच पुढचा धोका न्यायालयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की कंत्राट केवळ दिखाऊ ठरले तर ते कामगार मूळ मालकाचेच मानले जातील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमध्ये तर, काही अपवाद सोडता, मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतात. फौंड्रीत मोल्डिंग आणि मेल्टिंग हे मुख्य काम नाही असे म्हणणे कठीण आहे. आपल्या ९० पैकी कोण कुठल्या कामावर आहे, हे कामगार कायद्याच्या जाणकार वकिलांसोबत बसून आधी ठरवावे. पुण्याची संस्था हा प्रश्न सोडवणार नाही आणि तिने सोडवावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

या संहितांमुळे सध्या अनेक मालकांना वाटते की नवे नियम गुंतागुंतीचे आहेत, तेव्हा सगळेच बाहेर देऊन मोकळे व्हावे. त्यांची अडचण मला समजते, पण क्रम उलटा होतो आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, आणि त्याचा परिणाम ग्रॅच्युइटीपासून रजेच्या पैशांपर्यंत जातो. पगाराची रचना कशी करायची हा मालकाचा निर्णय आहे, कारण त्यात हातात पडणारी रक्कम कमी झाली तर कामगार प्रश्न विचारायला आपल्याच केबिनमध्ये येणार आहेत. रचना आपण ठरवावी, हिशेब त्यांनी करावा. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करण्याची तरतूदही लक्षात घ्यावी. महिन्यातून एकदाच पगार चालवणाऱ्या संस्थेला ते जमत नाही. अधल्यामधल्या हिशेबाचे काय, हे करारातच स्पष्ट हवे.

निर्णयाचा भाग घरातच का ठेवावा, यासाठी २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवावा. पंचगंगेचे पाणी आले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला, आणि शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातील कामगार कित्येक दिवस कामावर येऊ शकले नाहीत. काहींच्या घरात पाणी होते, काही छावणीत होते, काही जण घरी सुखरूप होते पण रस्ता नव्हता. मस्टरवर या सर्वांसमोर एकच अक्षर पडत होते, गैरहजर. त्या दिवसांचा पगार द्यायचा का, रजा लावायची का, उचल द्यायची का, कोणाच्या दारात स्वतः जायचे, हे ठरवणारा माणूस आंबेवाडी-चिखली कुठे आहे हे जाणणारा असावा लागतो. दूरच्या संस्थेने नियमावलीप्रमाणे बिनपगारी रजा लावली असती आणि कागदावर ती चूकही ठरली नसती. ज्या मालकांनी त्या वेळी माणसे ओळखून निर्णय घेतले, त्यांच्याकडची माणसे दोनशे-चारशे रुपयांच्या फरकासाठी शेजारच्या कारखान्यात गेली नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की निम्मी पाळी रिकामी होते, हेही तसेच. तिथे रजेचे आगाऊ नियोजन करणारा माणूस लागतो. रजा नाकारणारा ईमेल उपयोगाचा नाही.

अंतर्गत समितीबाबत तर शंका घ्यायलाच जागा नाही. २०१३ च्या कायद्यानुसार समितीची अध्यक्ष त्याच कामाच्या ठिकाणची वरिष्ठ महिला कर्मचारी असावी लागते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. संस्था कागदपत्रे तयार करून देऊ शकते, प्रशिक्षण घेऊ शकते. समिती तिच्याकडे देता येत नाही. आपल्या कोअर शॉपमध्ये आणि ऑफिसात महिला असतील, तर ही समिती आज कागदावर तरी आहे का, हे आधी पाहावे.

खर्चाचा हिशेब लोक घाईत करतात. समजा संस्थेचा दर माणशी १५० रुपये आहे. ९० माणसांचे १३,५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १५,९३० रुपये महिना होतात, त्यातला जीएसटी आपल्याला परत मिळू शकतो. अकाउंटंटच्या पगाराशी तुलना केली की हे स्वस्त वाटते. पण हजेरी गोळा करणे, पाळ्यांचे बदल कळवणे, नव्या माणसाची कागदपत्रे घेणे, कामगाराच्या शंकेला उत्तर देणे यासाठी आवारात माणूस लागतोच. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग ॲपवर चेहरा पडताळणी करून काढावा लागतो. कामगारासमोर मोबाइल धरणारा माणूस पुण्यात बसून चालणार नाही. आधारवरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि पीएफमधले नाव यांत फरक असणारे, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या महिला, प्रत्येक कारखान्यात असतात, आणि ती दुरुस्ती समोर बसूनच होते. तेव्हा एका पूर्ण पगाराची बचत गृहीत धरू नये. बचत होते ती चुकांची, उशिराच्या व्याजाची आणि मालकाच्या डोक्यावरच्या ताणाची.

संस्थेची पारख करताना त्यांचे सादरीकरण पाहण्यापेक्षा त्यांच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दोन-तीन प्रश्न विचारावेत. जुलैमध्ये पगारवाढीचा करार होऊन एखाद्याचा पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआय कधी थांबवाल? जो ‘लगेच’ म्हणेल त्याला काम येत नाही, कारण ईएसआयचा तो सहामाही योगदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, कपात चालू राहते. फेब्रुवारीत व्यवसाय कर किती कापाल, आणि २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलेचा किती? (फेब्रुवारीत ३००, आणि त्या महिलेचा काहीच नाही.) ईएसआयच्या आजारपणाच्या लाभासाठी योगदान कालावधीत किती दिवसांचे योगदान लागते? ७८. हे प्रश्न परीक्षा घेण्यासाठी नाहीत. यातली एखादी चूक झाली की त्याचे नुकसान हॉस्पिटलच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला होते, आणि त्याला संस्थेचे नावही माहीत नसते. म्हणूनच नवा माणूस रुजू होईल त्याच दिवशी त्याची ईएसआय नोंद झाली पाहिजे, असे मी धरून बसतो. कायदा १० दिवस देतो, पण भट्टीवर अपघात दुसऱ्या दिवशीही होऊ शकतो, आणि अपघातानंतर केलेल्या नोंदीकडे साहजिकच संशयाने पाहिले जाते.

एमबीए मुलगा नेमण्याविषयी : नेमा, पण चलने भरण्यासाठी नको. नोंदीचे काम बाहेर गेल्यावर आवारात एक माणूस हवा, जो सकाळच्या पाळीला शॉपवर फेरी मारेल, ठेकेदाराच्या याद्या जुळवेल, संस्थेने पाठवलेले पगारपत्रक बारकाईने तपासेल, दर महिन्याला कुठल्याही पाच कामगारांचे पीएफ पासबुक उघडून पाहील आणि युनियनशी बोलताना आपल्या शेजारी बसेल. त्यासाठी मी पदवीपेक्षा स्वभाव पाहीन. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून समाजकार्य किंवा मनुष्यबळ शिकलेली, गावाकडची, कामगाराशी न संकोचता बोलणारी मुले-मुली मिळतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे आपल्याकडे असतील तर या नेमलेल्या माणसाला हिंदीही नीट यावी. कामगाराला पगारात दिवस कमी आल्याचे विचारायचे असेल, तर त्याला एक ओळखीचा चेहरा हवा. टोल-फ्री क्रमांक दिल्याने काम होत नाही.

हस्तांतरापूर्वी आपली घरची माहिती स्वच्छ करावी. रुजू होण्याच्या तारखा, वारसांची नावे, थकीत उचल, शिल्लक रजा, सर्वांची नियुक्तिपत्रे. जे चुकीचे आत जाईल ते दर महिन्याला चुकीचेच बाहेर येईल. त्यानंतर किमान तीन महिने दोन्हीकडे समांतर पगार चालवावा. संस्थेचे पगारपत्रक आणि आपले पगारपत्रक शेजारी ठेवून फरकाचा प्रत्येक रुपया समजून घ्यावा. यात जुन्या पद्धतीतल्या चुकाही वर येतील, आणि त्या सुधारताना कामगाराचे मागचे देणे निघाले तर ते द्यावे. करारात हजेरी कोणत्या तारखेला जाईल, कच्चे पत्रक कधी येईल, मंजुरी कोण देईल, पगार ७ तारखेच्या आत जमा होईल, संस्थेच्या चुकीने दंड बसला तर तो कोण भरेल, आणि सोडून जाताना सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत मिळतील, हे सारे असावे. वर्षभराच्या आत सोडता येणार नाही अशी अट असेल तर सही करू नये.

सुरुवात एप्रिलपासून करावी. आयकराचे वर्ष आणि ईएसआयचा योगदान कालावधी दोन्ही तिथून सुरू होतात, त्यामुळे हिशेब मध्येच तुटत नाही. दिवाळीच्या तोंडावर, बोनसचे हिशेब आणि रजा एकत्र आलेल्या असताना बदल अजिबात करू नये. आपले अकाउंटंट मार्चमध्ये निवृत्त होत असतील, तर त्यांना जूनअखेरपर्यंत आठवड्यातून दोन-तीन दिवस मानधनावर बोलवावे आणि त्या काळात पासवर्ड, जुनी चलने, तपासणीचे अहवाल आणि ठेकेदारांच्या फायली त्यांच्याकडून एकेक करून नव्या माणसाने लिहून घ्याव्यात. कोणत्या कामगाराचा कोणता प्रश्न अर्धवट राहिला आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.